जुनी विंडोज, जुनी मराठी

२०२३ साली उस्मानाबाद जिल्हा कागदोपत्री धाराशिव झाला. पाट्या रंगवणाऱ्यांना काम मिळालं, शिक्के करणाऱ्यांना मिळालं आणि डीटीपीवाल्यांनाही मिळालं. पतसंस्थेचं लेटरहेड, शाळेचा दाखला, कृषी सेवा केंद्राचं बिलबुक, सोसायटीची पावती, सगळीकडे तळाशी ‘जि. उस्मानाबाद’ होतं. तिथं ‘जि. धाराशिव’ करायचं, एवढंच. पण मूळ फाइल पंधरा-वीस वर्षांपूर्वी पेजमेकरमध्ये केलेली असली की गाडी अडते. नव्या संगणकावर ती उघडत नाही. उघडलीच तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं, डॉलरची चिन्हं आणि डोक्यावर टोप्या घातलेले स्वर दिसतात. मग दुकानाच्या माळ्यावरचा जुना पीसी खाली उतरतो. धूळ झटकून बटण दाबावं तर काळ्या पडद्यावर निरोप येतो की ऑपरेटिंग सिस्टीम सापडत नाही.

म्हणजे आता त्यावर पुन्हा विंडोज टाकणं आलं, आणि तीही जुनीच. फॉरमॅट मारून विंडोज टाकणं हे उमरग्यापासून परंड्यापर्यंत कुठल्याही संगणक दुरुस्तीच्या दुकानातलं नेहमीचं काम. नवी विंडोज टाकताना फारसं डोकं लावावं लागत नाही, ती बरंच काही स्वतःच ओळखते आणि उरलेलं इंटरनेटवरून उतरवून घेते. जुनीचं तसं नसतं. तिला पुढच्या काळातलं हार्डवेअर ठाऊक नसतं, आणि ज्या इंटरनेटसाठी ती बनली ते इंटरनेटही आता उरलेलं नाही.

जुनीच का हवी, हे आधी नीट समजून घेतलं पाहिजे, कारण पुढचे निम्मे निर्णय त्यावरून ठरतात.

संगणक अक्षर साठवत नाही, अक्षराचा क्रमांक साठवतो. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण ते आपल्या दुकानांत पोचायला पुढे बरीच वर्षं गेली. मधल्या काळात पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं श्री-लिपी, पुण्याच्याच सी-डॅकचं आयएसएम, शिवाय आकृती, अशा सॉफ्टवेअरनी मराठी छपाईचा भार वाहिला. त्यांची युक्ती अशी होती, की इंग्रजी फॉन्टमध्ये जास्तीत जास्त २५६ घरं असतात, त्या घरांत इंग्रजी अक्षरांऐवजी देवनागरीचे तुकडे बसवायचे. काना एका घरात, मात्रा दुसऱ्या घरात, अर्धा स तिसऱ्या. फाइलमध्ये मात्र क्रमांक इंग्रजीचेच राहतात. ठरावीक फॉन्ट संगणकात असेल तोवर तुम्हाला मराठी दिसतं, फॉन्ट गेला की खालचं इंग्रजी उघडं पडतं. आणि तुकडे कोणत्या घरात बसवायचे, हे प्रत्येक कंपनीनं आपापलं ठरवलेलं. त्यामुळे श्री-लिपीची फाइल आयएसएमच्या फॉन्टमध्ये वाचता येत नाही.

दुसरी अडचण कुलपाची. चोरून प्रती काढल्या जाऊ नयेत म्हणून ही सॉफ्टवेअर हार्डवेअर लॉकसह मिळत, ज्याला दुकानात डोंगल किंवा नुसतं लॉक म्हणतात. जुनी लॉक प्रिंटरच्या पॅरलल पोर्टला लागायची, नंतरची यूएसबीला. लॉक ओळखायला त्याचा ड्रायव्हर लागतो आणि तो एक्सपीच्या काळात लिहिलेला असतो. ६४ बिटच्या विंडोजनं व्हिस्टापासून डिजिटल सही नसलेले असे ड्रायव्हर नाकारायला सुरुवात केली. १६ बिटचे प्रोग्रॅम तर ६४ बिटवर चालतच नाहीत, आणि त्या काळातल्या बऱ्याच सॉफ्टवेअरचा निदान इन्स्टॉलर तरी १६ बिटचा असतो. नव्या मदरबोर्डवर पॅरलल पोर्टच नसतो, ही शेवटची काडी. पेजमेकरला युनिकोड कधीच आलं नाही, ७.० ही त्याची शेवटची आवृत्ती २००१ ची, आणि २००४ मध्ये अडोबीनं त्याचं काम थांबवलं.

साखर कारखान्याच्या किंवा आडत बाजाराच्या वजनकाट्यावरही जुना पीसी दिसतो, पण तिथलं कारण वेगळं. काट्याचा इंडिकेटर सीरियल पोर्टला जोडलेला असतो, पावती डॉट मॅट्रिक्सवर निघते आणि प्रोग्रॅम कुणीतरी एकदाच लिहून दिलेला असतो. हंगाम चालू असताना त्याला कुणी हात लावू देत नाही, आणि ते बरोबरच आहे.

आता कोणती जुनी विंडोज टाकायची? एक्सपी २५ ऑक्टोबर २००१ ला बाजारात आली. त्याच वर्षी एमकेसीएल स्थापन झालं, आणि पुढं एमएस-सीआयटीच्या वर्गांत आपल्याकडच्या एका अख्ख्या पिढीनं पहिल्यांदा माउस हातात धरला. त्यातल्या अनेकांच्या डोळ्यांसमोर अजूनही एक्सपीची ती हिरवी टेकडी असेल. म्हणून माणसं सवयीनं एक्सपी मागतात. माझं मत विचाराल तर, लॉकचा ड्रायव्हर चालत असेल तर ३२ बिटची विंडोज ७ टाकावी. ती १६ बिटचे प्रोग्रॅम चालवते, सही नसलेल्या ड्रायव्हरला कुरकुर करून का होईना आत घेते, साटा हार्ड डिस्क तिला आपोआप कळते, एसएसडी लावली तर ती नीट सांभाळते आणि देवनागरी तिच्यात पहिल्यापासून चालू असते. रॅम १ जीबी असली तरी भागतं, २ असली तर उत्तम. ४ च्या वर रॅम लावून उपयोग नाही, ३२ बिटला साधारण सव्वातीन जीबीच वापरता येते. पेंटियम ४ सारखं फार जुनं यंत्र असेल किंवा लॉक एक्सपीशिवाय बोलायलाच तयार नसेल, तरच एक्सपी.

फॉरमॅटला हात घालण्याआधी मागचं सगळं काढून घ्यायचं. यंत्र सुरू होत नसलं तरी हार्ड डिस्क शाबूत असू शकते. ती काढून यूएसबी अडॅप्टरनं दुसऱ्या संगणकाला जोडली की फाइली दिसतात. सी ड्राइव्ह उडवली तरी डी सुरक्षित राहते, हे लोकांना माहीत असतं. पण डेस्कटॉप आणि माय डॉक्युमेंट्स हे दोन्ही सी ड्राइव्हमध्येच असतात, हे ऐन वेळी विसरलं जातं. टॅलीचा डेटाही पुष्कळदा तिथंच असतो. आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे विंडोजच्या फोल्डरमधलं फॉन्ट्स नावाचं फोल्डर. ते अख्खं उचलून घ्यावं. पत्रिकांच्या शेकडो फाइली हातात असून त्यांचा फॉन्टच नसणं ही या धंद्यातली सगळ्यात हताश करणारी अवस्था. खरं तर जुनी डिस्क फॉरमॅट करूच नये. दुसरी डिस्क लावून तिच्यावर विंडोज टाकावी आणि जुनी नाव लिहून कपाटात ठेवून द्यावी.

मग यंत्राची तपासणी. रॅमच्या पट्ट्या काढून सोनेरी टोकं खोडरबरानं पुसायची, हा उपाय प्रत्येक दुरुस्तीवाला करतो आणि तो खरोखर लागू पडतो. मदरबोर्डवरचे कॅपॅसिटर फुगलेले असतील तर पुढं जाण्यात अर्थ नाही. सीआर २०३२ ही नाण्याएवढी बॅटरी न विचारता बदलावी. ती उतरली की यंत्राची तारीख मागं जाते, बायोसमधली मांडणी पुसली जाते, आणि दोष मात्र विंडोजला लागतो. उन्हाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नसतो, तेव्हा यूपीएस हवाच, आणि त्याची बॅटरी खरंच चालते का हे आधी प्लग काढून बघावं. फाइली कॉपी होत असताना वीज गेली तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

एक्सपीची सीडी घेताना ती सर्व्हिस पॅक २ किंवा ३ असलेली घ्यावी. मूळच्या, सर्व्हिस पॅक नसलेल्या सीडीला १३७ जीबीच्या पुढची डिस्क दिसत नाही. बायोसमध्ये जाऊन सीडी ड्राइव्ह पहिल्या क्रमांकावर आणायची. याच वेळी साटाची मांडणी एएचसीआयवर असेल तर ती आयडीई किंवा कंपॅटिबलवर करून घ्यावी. एक्सपीच्या जन्माच्या वेळी एएचसीआय नव्हतं, त्यामुळे तिच्याकडे त्याचा ड्रायव्हर नाही. हे बदललं नाही तर इन्स्टॉलरला एक तर हार्ड डिस्कच सापडत नाही, नाहीतर निळा पडदा येतो आणि त्यावरच्या आकड्याच्या शेवटी ७बी असतं. त्याचा अर्थ एवढाच की ज्या डिस्कवरून सुरू व्हायचं तिच्यापर्यंत विंडोज पोचू शकत नाही. यावर विंडोजनं स्वतः दिलेला उपाय म्हणजे सुरुवातीला एफ-६ दाबून फ्लॉपीतून ड्रायव्हर देणं. आज फ्लॉपी ड्राइव्ह शोधत बसण्यापेक्षा बायोसमधला एक शब्द बदलणं सोपं. फक्त विंडोज बसल्यावर तो शब्द पुन्हा एएचसीआय करू नका, निळा पडदा परत येईल.

सीडीवरून सुरू होताना कुठलीही कळ दाबा असं विचारलं जातं. पहिल्या वेळी दाबायची. फाइली कॉपी होऊन यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर तोच प्रश्न परत येतो, तेव्हा दाबायची नाही. दाबली तर सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं, आणि नवशिका तासभर त्याच चक्रात फिरत राहतो. मधल्या निळ्या पडद्यावर एफ-८ दाबून करार मान्य करायचा, जुनं पार्टिशन असेल तर डी दाबून काढायचं, सी दाबून नवं करायचं आणि एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करायचं. डिस्क जुनी असेल तर क्विक फॉरमॅट टाळावा. पूर्ण फॉरमॅट वेळ खातो, पण डिस्कचे खराब भाग तेव्हाच उघडे पडतात.

यानंतर पडद्यावर ३९ मिनिटं बाकी असल्याचं दिसतं. हा आकडा पूर्वीही कधी खरा ठरला नाही. मध्ये भाषा आणि प्रदेशाचा पडदा येतो आणि बहुतेक जण तो नेक्स्ट दाबून घालवतात. मराठी माणसानं तिथं थांबायला हवं. एक्सपीत देवनागरी असते, पण बंद. कस्टमाइझमध्ये जाऊन लँग्वेजेसच्या टॅबवर गुंतागुंतीच्या लिप्यांच्या फाइली बसवण्याची चौकट आहे, तिच्यावर बरोबरची खूण करायची. ती केली नाही तर युनिकोड मराठी तुटक दिसते, पहिली वेलांटी अक्षराच्या मागं जाते आणि जोडाक्षरांचे पाय मोडून हलन्त उरतात. फॉन्ट असतो, पण अक्षरं जोडून मांडणारं यंत्रणेतलं अंग झोपलेलं असतं. राहून गेलं तर नंतर कंट्रोल पॅनलमधूनही करता येतं, पण तेव्हा तीच सीडी पुन्हा मागितली जाते आणि नेमकी तीच सापडत नाही. श्री-लिपीला या चौकटीची गरज नाही. तिचे तुकडे आधीच ठरलेल्या घरांत बसलेले. युनिकोडमध्ये मजकूर बाहेर काढायचा तर मात्र ती लागतेच.

विंडोज ७ च्या वाटेवर वेगळाच खड्डा आहे. जुनी विंडोज हवी म्हणून लोक तुलनेनं नव्या मदरबोर्डवर ती टाकायला जातात. बायोसमध्ये कीबोर्ड चालतो, माउस चालतो, आणि इन्स्टॉलरचा पहिला पडदा आला की दोन्ही मरतात. विंडोज ७ आली २००९ मध्ये, आणि यूएसबी ३ चा ड्रायव्हर तिच्यात नाही. इंटेलच्या २०१५ च्या सहाव्या पिढीपासून सगळे यूएसबी पोर्ट त्याच नव्या नियंत्रकाच्या ताब्यात गेले. मागं जांभळा-हिरवा गोल पीएस-२ पोर्ट असेल तर जुना कीबोर्ड लावून सुटका होते, नसेल तर तो ड्रायव्हर इन्स्टॉलरमध्येच मिसळलेला पेनड्राइव्ह बनवावा लागतो. शिवाय सिक्युअर बूट बंद आणि लेगसी किंवा सीएसएम चालू, ही जोडी बायोसमध्ये ठेवायची. सीएसएमच नसलेल्या बोर्डवर विंडोज ७ चा नाद सोडावा.

विंडोज बसली की पडदा मोठमोठ्या अक्षरांचा, आवाज नाही, नेट नाही. आता ड्रायव्हर. आधी चिपसेटचा, मग डिस्प्ले, साउंड, लॅन, शेवटी प्रिंटर. मदरबोर्डची सीडी हरवलेली असणार हे गृहीत धरून डिव्हाइस मॅनेजर उघडावा. पिवळ्या खुणेच्या ओळीवर प्रॉपर्टीजमध्ये हार्डवेअर आयडी मिळतो. त्यातला व्हेंडर क्रमांक ८०८६ असेल तर इंटेल, १०ईसी असेल तर रिअलटेक. (इंटेलनं आपला क्रमांक आपल्या गाजलेल्या प्रोसेसरवरून घेतला, ही मला आवडणारी गंमत.) तो क्रमांक दुसऱ्या संगणकावर शोधला की नेमका ड्रायव्हर सापडतो. मात्र शोधायला मिळणाऱ्या ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये’ छापाच्या प्रोग्रॅमच्या नादी लागू नये. त्यांच्याबरोबर काय काय येतं, ते त्यांनाच ठाऊक.

आणि या यंत्राला नेटची केबल लावायची नाही. हा भित्रेपणा नव्हे. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाच्या किड्यानं, दुरुस्त्या न केलेली एक्सपी नेटला जोडली की काही मिनिटांत ती घेरली होती. कुठं क्लिक करण्याचीही गरज नव्हती. मे २०१७ च्या वॉनाक्राय हल्ल्यात अनेक रुग्णालयं ठप्प झाली, आणि मायक्रोसॉफ्टला आधार बंद करून तीन वर्षं झालेल्या एक्सपीसाठीही दुरुस्ती द्यावी लागली. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० ला. तसंही एक्सपीमधल्या इंटरनेट एक्सप्लोररला आजच्या बँकांची आणि सरकारी संकेतस्थळांची सांकेतिक बोली समजत नाही, ती उघडतच नाहीत. पेनड्राइव्हही जपून. त्या काळची ऑटोरन सोय व्हायरसांच्याच जास्त कामी आली, ती पहिल्याच दिवशी बंद करावी.

परवान्याबद्दल स्पष्ट बोललेलं बरं. आधार संपला म्हणजे विंडोज फुकट झाली, असं नाही. कॅबिनेटवरच्या स्टिकरवर २५ अक्षरांची की असते. ती पुसट झाली असेल तर आधी मोबाइलनं फोटो काढून ठेवा. संगणकाबरोबर आलेल्या विंडोज १० प्रोच्या परवान्यात मागं येऊन विंडोज ७ प्रोफेशनल वापरण्याचा हक्क होता, पण तो विंडोज ७ चा आधार चालू असेपर्यंतच, म्हणजे २०२० पर्यंत. बाजारात दहा-वीस प्रोग्रॅम आधीच भरलेली ‘ऑल इन वन’ सीडी मिळते, तिच्यात क्रॅकबरोबर आणखी काय आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. सभासदांचे हिशेब ठेवणाऱ्या पतसंस्थेनं तरी तिला हात लावू नये.

हे सगळं टाळायची एक वाट आहे. लॉक यूएसबीचं असेल तर जुना पीसी माळ्यावरच राहू द्यावा. चांगल्या नव्या संगणकावर व्हर्च्युअलबॉक्स हा मोफत प्रोग्रॅम टाकून त्याच्या आत एक्सपी बसवता येते. आतल्या यंत्राचं हार्डवेअर कल्पित असतं, त्यामुळे ७बी नाही, ड्रायव्हरचा शोध नाही, कॅपॅसिटर फुगत नाहीत. यूएसबी लॉक आतल्या विंडोजकडे वळवता येतं आणि नेट एका खुणेत तोडता येतं. मायक्रोसॉफ्टनं स्वतः विंडोज ७ प्रोफेशनलच्या ग्राहकांना एक्सपी मोड नावानं हीच सोय दिली होती. पॅरलल पोर्टचं लॉक असेल तर मात्र खरं जुनं यंत्रच हवं.

खरं यंत्र असो की कल्पित, सगळं मनासारखं बसलं की त्याची अख्खी प्रतिमा काढून ठेवावी. पूर्वी नॉर्टन घोस्टनं करायचे, आता क्लोनझिला मोफत मिळतं. पुढच्या वेळी डिस्क गेली तर तीच प्रतिमा नव्या डिस्कवर उतरवायची. ३९ मिनिटांचा खेळ पुन्हा नको.

यंत्र चालू झाल्यावर बहुतेक जण फाइलमधली ती एक ओळ बदलतात, प्रिंट काढतात आणि पीसी पुन्हा माळ्यावर टाकतात. मला हे पटत नाही. एवढी खटपट केली ती मजकूर सोडवण्यासाठी वापरायला हवी. पेजमेकरमधून मजकूर साध्या टेक्स्टमध्ये बाहेर काढता येतो, आणि जुन्या फॉन्टांमधून युनिकोड करणारे कन्व्हर्टर मिळतात. मात्र त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नये. जुन्या फॉन्टमध्ये तुकडे दिसतात त्या क्रमानं साठवलेले असतात, म्हणजे पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये ते उच्चाराच्या क्रमानं असतात, आधी क मग वेलांटी, आधी र मग य. ही अदलाबदल चुकली की ‘कार्यालय’चं ‘कायार्लय’ होतं आणि ‘धर्म’चा ‘धमर्’. असे शब्द तुम्ही कितीतरी ठिकाणी छापलेले पाहिले असतील. ते लिहिणाऱ्याचं अज्ञान नव्हे, कन्व्हर्टरची करामत आहे. म्हणून रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरं एकदा डोळ्यांखालून घालायचीच. मूळ मांडणी कशी होती ते कळावं म्हणून सोबत पीडीएफही काढून ठेवावी.

ग्रामदैवताच्या यात्रेची जुनी पत्रकं, शाळांच्या वार्षिकांचे अंक, सहकारी संस्थांचे अहवाल, गावोगावच्या कवींनी स्वखर्चानं छापलेली पुस्तकं, हे सारं आपल्याकडे अशाच फाइलींत पडून आहे. पॅरलल पोर्टचं लॉक एकदा जळलं की दुसरं मिळणं दुरापास्त. ज्यांच्या दुकानात किंवा संस्थेत असं यंत्र अजून सुरू होतं, त्यांनी या दिवाळीच्या साफसफाईत फॉन्टांचं फोल्डर दोन ठिकाणी उतरवून घ्यावं आणि महत्त्वाचा मजकूर युनिकोडमध्ये काढून घ्यावा. भंगारवाल्याला बोलवायचं ते त्यानंतर.